सोयाबीनचे मोड खाणारी गोगलगाय : पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. चार एकर सोयाबीन, एका अंगाला शेजाऱ्याचा ऊस, दुसऱ्या अंगाला नाला. गेल्या वर्षी गोगलगायींमुळे दुबार पेरणी करावी लागली. यंदा पेरून नऊ दिवस झालेत आणि बांधाकडचे सात-आठ तास, म्हणजे पिकाच्या ओळी, खाऊन साफ झालेत. दुकानातून आणलेली दोन औषधं फवारून झाली, फरक पडला नाही. ते विचारतात, आता मीठ टाकावं का, की मोडून परत पेरावं?

भाऊ, आधी एवढंच ऐका. उद्या फवारा पाठीवर घेऊ नका, मिठाचं पोतंही आणू नका आणि मोडायचा निर्णय आज घेऊ नका. आज रात्री जेवण झालं की नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन बांधावर जा. सोबत एक बादली, हातात घालायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा हातमोजे. बाकीचं सगळं सविस्तर सांगतो, पण आजची रात्र वाया जाऊ देऊ नका.

फवारणीने फरक का पडला नाही, ते आधी समजून घ्या, कारण दरवर्षी शेकडो शेतकऱ्यांचा पैसा इथेच जातो. गोगलगाय ही कीड म्हणून आपण बोलतो, पण ती किडा नाही. तिचं कूळ शिंपल्यांचं, कालवांचं. अळीसाठी, मावा-तुडतुड्यासाठी जी औषधं बनतात त्यातली बहुतेक तिला मारत नाहीत. दुसरं म्हणजे तुम्ही फवारता सकाळी आठला, आणि त्या वेळी ती शेतात नसतेच. ऊन वर यायच्या आत ती बांधाच्या गवतात, दगडाखाली, उसाच्या पाचटात, ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्यांखाली जाऊन बसलेली असते. औषध पडतं सोयाबीनवर, आणि मरतात ते शेतातले भले किडे.

रात्री गेलात की पाहा. बॅटरीच्या उजेडात आधी दिसतील त्या चांदीसारख्या चकाकणाऱ्या ओल्या रेषा, बांधाकडून तासात शिरलेल्या. त्या रेषेच्या टोकाला ती असते. तांबूस-तपकिरी, उभ्या पट्ट्यांचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला शंख. पुढे शिंगं बाहेर काढलेली. मोडाची दोन्ही बीजदलं ती जिभेने कानस मारावी तशी घासून खाते. तिच्या जिभेवर बारीक दातांच्या ओळीच ओळी असतात. जवळ कान नेलात तर खरवड ऐकूही येते. एक रोप संपलं की सरकून दुसरं. म्हणून नुकसान ठिपक्याठिपक्याने न दिसता पट्ट्यात दिसतं, बांधापासून आत आत येणाऱ्या पट्ट्यात. तुमचे सात-आठ तास गेले ते असेच.

ही गोगलगाय आपल्या मातीतली नाही. मूळची पूर्व आफ्रिकेतली, तिला आफ्रिकन महाकाय गोगलगाय म्हणतात. आपल्याकडे शंखी गोगलगाय हे नाव रूढ झालंय. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या एका अभ्यासकाने मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली आणि तिथल्या चौरंगी भागातल्या बागेत ती सुटली. तिथून रोपांबरोबर, मातीबरोबर, कुंड्यांबरोबर देशभर गेली. आपल्याकडे आधीपासून असलेल्या लहान, चपट्या किंवा गोल शंखांच्या देशी गोगलगायी निराळ्या. त्या बहुतेक कुजलेला पालापाचोळा खातात आणि पिकाला त्यांचा उपद्रव सहसा नसतो. त्या दिसल्या तर सोडून द्या. बिनशंखाची, काळपट, जळवेसारखी दिसणारी शेंबडी गोगलगाय मात्र भाजीपाल्यात त्रास देते. तिच्यासाठीही उपाय बहुतेक हेच.

आता तिचं गणित. ते नीट डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. हिच्यात नर-मादी वेगळे नसतात. एकाच अंगात दोन्ही असतं, म्हणजे शेतातली प्रत्येक वयात आलेली गोगलगाय अंडी घालणारी. एकदा संग झाला की त्या जोरावर ती पुढे अनेकदा अंडी घालते. एका वेळी साधारण १०० ते ४००. साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी अंडी ती भुसभुशीत ओल्या मातीत दोन-तीन बोटं खोल घालते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. कोरड्या दिवसांत ती शंखाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा लावून मातीत पडून राहते, कित्येक महिने. लोक म्हणतात यंदा अचानक आल्या. अचानक काही आल्या नाहीत. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत त्या तुमच्याच बांधात झोपल्या होत्या.

रोहिणीचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्या तोंडावरचा पापुद्रा फोडून बाहेर येतात, खातात, जोड्या लावतात. जोडी लागल्यापासून अंडी पडायला आठ ते वीस दिवस जातात. म्हणजे पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस असे असतात, जेव्हा शेतात फक्त मोठ्या गोगलगायी असतात. अंडी फार तर नुकती पडू लागलेली असतात, पिल्लं नसतात. मोठी गोगलगाय बॅटरीच्या उजेडात वीस फुटांवरून दिसते. त्या पंधरवड्यात उचललेली एक गोगलगाय म्हणजे श्रावणातली दोनशे पिल्लं कमी. आणि याच वर्षी जुलैत निघालेली पिल्लं पुढच्या मृगात अंडी घालायला तयार होतात. श्रावणात शेत पिल्लांनी भरलं की हाताने वेचणं जवळपास अशक्य. करंगळीच्या नखाएवढं पिल्लू हिरव्या पिकात दिसत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०२२ चा पावसाळा लातूर, बीड आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, या पट्ट्यातला कोणताच सोयाबीनवाला विसरणार नाही. दुबार पेरली, काहींनी तिबार पेरली, आणि तेही मोड गेले. नुकसान इतकं होतं की राज्य सरकारला गोगलगायीपायी खास मदत जाहीर करावी लागली. त्या जुलैत मी मांजरा नदीकाठच्या एका गावात रोज रात्री जात होतो. तिथे दोन भावांची शेतं, मध्ये एक सामाईक बांध. धाकट्याने बायको-मुलांसह चार रात्री वेचणी केली, दोन-अडीच तासांत तीन-तीन बादल्या भरत होत्या. थोरल्याने दुकानातून औषध आणलं आणि घरी झोपला. पाचव्या दिवशी धाकट्याच्या तासात पुन्हा तितक्याच चकाकत्या रेषा. तो रडकुंडीला आला होता. मला म्हणाला, साहेब, मी माझं शेत साफ करतोय का त्याच्या गोगलगायींना जागा करून देतोय?

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तरही तिथेच आहे. गोगलगाय सातबारा बघून येत नाही. एकट्याने वेचणी केली तर शेजारच्या उसातून, नाल्यातून, पडीकातून तिची भरती चालूच राहते. त्या गावात मग आम्ही देवळात बैठक घेतली. नाल्याच्या दोन्ही काठांची मिळून बावीस शेतं, सगळ्यांनी एकाच वेळी, संध्याकाळी सात ते दहा, सलग सहा रात्री वेचायचं ठरलं. वर्गणी काढली, बचतगटाच्या बायांना मजुरी दिली. पडीक कुणाचं आणि नाला कुणाचा यावर वाद झाला, मग पंचायतीने तो तुकडा घेतला. सातव्या दिवशी त्याच बांधावर फिरलो तेव्हा तासाभरात अर्धी बादलीही भरली नाही. पुढच्या वर्षी तिथे दुबार पेरणी झाली नाही.

इतक्या वर्षांत मी बरेच उपाय पाहिले, पण याहून भरवशाचा पाहिला नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं उदाहरण घ्या. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला आणल्या, आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर सापडल्या. १९७५ पर्यंत मोहीम चालली तेव्हा संपल्या. २०११ मध्ये पुन्हा निघाल्या तर घरोघर फिरून, कुत्र्यांना वास शिकवून शोधल्या आणि २०२१ मध्ये मायामी भाग मोकळा जाहीर केला. दहा वर्षं. पैसा, माणसं, कायदा सगळं असून त्यांनाही घरोघरी शोधून वेचावंच लागलं. तेव्हा आपल्याला एखादी बाटली मिळेल आणि प्रश्न मिटेल ही आशा सोडा.

आता तुमच्या शेताचं. रात्रीची वेचणी सुरू करा आणि शेजारच्या ऊसवाल्याशी आजच बोला. भांडायला जाऊ नका. त्याच्या उसालगतचे पाचटाचे ढीग हलवायला तुम्हीच चार माणसं द्या, काम लवकर होतं. सोबत बारदाना वापरा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाच्या कडेने सात-आठ मीटरवर एकेक अंथरायची. पपईची पानं असतील तर ती गोणपाटाखाली टाका, तिला फार आवडतात. सकाळी सूर्य उगवायच्या आत गोणपाट उलटलं की खाली चिकटलेल्या सापडतील. उन्हं वर आल्यावर गेलात तर त्या निघून गेलेल्या असतील, हे लक्षात ठेवा.

वेचलेल्याचं काय करायचं, यात बहुतेक जण चुकतात. रस्त्यावर फेकू नका, नाल्यात तर मुळीच नाही, त्या पुढच्या शिवारात जाऊन जगतात. पायाने चिरडूनही टाकू नका. पोटातली अंडी मातीत पडतात, आणि फुटलेल्या शंखाचा चुना खायला दुसऱ्या येतात. बादलीत मिठाचं किंवा धुण्याच्या साबणाचं दाट पाणी करून त्यात बुडवा, रात्रभर राहू द्या, सकाळी दोन-अडीच फूट खड्ड्यात टाकून वर चुना पसरून पुरा. मीठ वापरायचं ते असं, बादलीत. शेतात नाही. आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, सामू (पीएच) आठाच्या आसपास. त्यात दरसाल मीठ पसरलं तर गोगलगाय पुढच्या पावसात परत येईल आणि मीठ मात्र जमिनीत राहील. तुमच्या नाल्याकडच्या खोलगट भागात पाणी साचतं, तिथे तर कधीच नको. चुन्याचा चार बोटांचा पट्टा बांधाच्या आतून मारायला हरकत नाही, पण तो कोरडा असेपर्यंतच अडवतो. एक सर आली की त्याचा उपयोग संपला. त्यावर भिस्त ठेवून घरी झोपू नका.

उघड्या हाताने वेचू नका आणि लहान मुलांना खेळ म्हणून वेचायला लावू नका. उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं गोगलगायीच्या अंगात वाढतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. हातमोजे काढल्यावर साबणाने हात धुवा, आणि ज्या शेतात गोगलगायी आहेत तिथली कोथिंबीर-मेथी कच्ची खायची असेल तर पान-पान चोळून धुवा.

औषध म्हणाल तर तिच्यासाठीचं खरं औषध एकच सहज मिळतं, मेटाल्डिहाइडच्या अडीच टक्क्यांच्या गोळ्या. एकरी दोन किलो. पण ते कसं टाकायचं यावर सगळं अवलंबून आहे. गोळी पोटात गेली की गोगलगायीच्या अंगातून चिकट स्राव सुटत राहतो आणि ती सुकून मरते. म्हणजे पहाटे पाऊस आला तर ती पाणी शोषून पुन्हा उठते. मी स्वतः मेलेल्या समजून सोडून दिलेल्या गोगलगायी दुपारच्या सरीनंतर चालताना पाहिल्यात. म्हणून उघडीप आहे, जमीन ओली आहे आणि रात्री पावसाचं चिन्ह नाही, अशी संध्याकाळ धरा. गोळ्या पिकात फोकू नका. बांधाच्या कडेने, गोणपाटाखाली, चार-चार, पाच-पाच अशा ठेवा. आणि सकाळी गुंगीत पडलेल्या सगळ्या उचला. औषधानंतर वेचणी टळत नाही, सोपी होते एवढंच.

आणि ही गोळी कुत्र्याला, शेळीला, कोंबडीला घातक आहे. चवीला गोडसर भुश्शाची असते, कुत्री मुद्दाम हुंगून खातात. ब्रिटनने २०२२ पासून मोकळ्या रानात तिच्या वापरावर बंदीच घातली, ती याच कारणाने, वन्यजीव मरतात म्हणून. तुमची गुरं बांधावर चरत असतील तर आठ दिवस तिकडे सोडू नका आणि उरलेलं पाकीट घरात उंचावर ठेवा. कोंडा-गुळात मिथोमिल कालवून आमिष करायची जुनी शिफारस अजून तोंडोतोंडी फिरते. मिथोमिलवर २०२३ मध्ये देशात बंदी आली आहे. कुणी जुना साठा देत असेल तर घेऊ नका. ते माणसालाही मारतं.

आता दुबार पेरणी. उद्या दिवसा एक मीटरची काठी घेऊन शेताच्या दहा वेगवेगळ्या ठिकाणी तासात ठेवा आणि रोपं मोजा. पंचेचाळीस बाय पाच सेंटिमीटरवर पेरलं असेल तर मीटरला वीसच्या आसपास रोपं हवीत. सारखी दहा-बारा जरी उरली असतील तरी मोडू नका. सोयाबीन फांद्या करून मोकळी जागा भरतं. मोजताना प्रत्येक रोप वाकून बघा. बीजदलं किंवा त्यांच्या बगला शाबूत असतील आणि फक्त वरचा शेंडा खाल्लेला असेल तर बगलेतून फूट येते, ते रोप जिवंत धरा. बीजदलाच्या खालून देठ कापला गेला असेल तर ते गेलं. हा फरक न बघता लोक वरून उजाड दिसतं म्हणून चांगलं पीक वखरून टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बियाण्याची पिशवी काय भावाने येते ते आपल्याला माहीत आहे.

तुमचं वर्णन ऐकून मला वाटतं बांधाकडचा पट्टाच परत पेरावा लागेल, चार एकर नाही. पण तो पट्टा चार रात्री वेचणी झाल्याशिवाय पेरू नका. आधी पेरलंत तर ते नवे कोवळे मोड म्हणजे तिच्यासाठी वाढलेलं ताट. आणि १५ जुलै ओलांडत असेल तर त्या पट्ट्यात सोयाबीनचा हट्ट धरू नका, तूर टाका. पेरल्यापासून वीस-पंचवीस दिवस, तीन-चार त्रिदली पानं होईपर्यंत सोयाबीनला खरा धोका. देठ राठ झाला की ती पानं कुरतडते, रोप मारत नाही.

नुकसानीचे फोटो आजच काढून ठेवा, शक्यतो रात्रीचे, गोगलगाय आणि कापलेलं रोप एकाच फोटोत येईल असे, आणि सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) लेखी कळवा. पंचनामा होतो तेव्हा दुपार असते आणि शेतात एकही गोगलगाय दिसत नाही.

बागेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या भागात मोसंबी आणि पपई वाढतेय म्हणून सांगतो. झाडावर ती बुंध्यावरून चढते, साल आणि कोवळी फूट खाते. पावसाळ्याआधी बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. तांबं तिला सहन होत नाही. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर ती बुंधा सोडून तिकडून चढेल.

उरलं उन्हाळ्याचं काम. एप्रिल-मेत बांधालगतचे दोन तास खोल नांगरा, झोपलेल्या गोगलगायी उन्हात उघड्या पडतात आणि कावळे-साळुंक्या उरलेलं करतात. दगडांचे ढीग, जुनं पाचट, ठिबकचे वेटोळे, उकिरड्याचा काठ पावसाआधी एकदा हलवून बघा. भारद्वाज तुमच्या बांधावरच्या झुडपात असेल तर ते झुडूप तोडू नका, तो मोठ्या गोगलगायी फोडून खातो. बांधावर गवत ठेवायचं की नाही, यावर मला स्वतःला फार विचार करावा लागला. बांध फुटू नये म्हणून गवत हवं. म्हणून मी मुळापासून काढायला सांगत नाही, पेरणीच्या आधी वीतभर कापून ठेवा आणि कापलेलं तिथेच पडू देऊ नका. बाहेरून शेणखत, नर्सरीतली रोपं, उसाचं बेणं आणताना मातीचा गोळा फोडून बघा. साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ती अंडी आहेत.

आज रात्री किती बादल्या भरल्या ते लिहून ठेवा, रोजचं लिहा. सहा रात्रींनी आकडा घटत नसेल तर समजा ती आतून नाही, नाल्याकडून येतेय. मग तिकडचा काठ कुणाचा आहे ते मला सांगा, त्यांच्याशी बोलायला मी स्वतः येतो.